शेवट माहीत असतो तरी वाचायचं: रोमान्स आणि साहसाच्या कादंबऱ्यांत नव्याने शिरणाऱ्यांसाठी

ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलीने मध्यंतरी विचारलं, मॅडम तुम्ही लोकलमध्ये पुस्तक वाचताना एकट्याच हसत असता, मलाही सांगा ना कुठून सुरू करू. मी लगेच तिथल्या तिथे तीन नावं सांगून मोकळी झाले. पंधरा दिवसांनी ती तोंड वाकडं करून आली, तिन्ही पुस्तकं अर्धवट सोडलेली. चूक माझीच होती, मला जे आवडतं ते मी तिच्या गळ्यात मारलं, तिला काय आवडतं हे विचारलंच नाही. मग पुढचे दोन आठवडे डब्याच्या वेळेत बसून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिला जे जे सांगितलं तेच इथे लिहितेय. मी काही समीक्षक वगैरे नाही हां, डोंबिवली ते सीएसएमटी रोज सव्वा तास जाऊन सव्वा तास येऊन जेवढं वाचून होतं तेवढंच माझं भांडवल.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की शेवट कळला म्हणजे पुस्तक संपलं. रोमान्समध्ये शेवट कळलेलाच असतो. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने तर व्याख्याच करून ठेवलीय, मध्यवर्ती गोष्ट प्रेमाची हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा, बस. म्हणजे दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानालाच ठरलंय, नाही आले तर ती प्रेमकहाणी असेल, शोकांतिका असेल, पण दुकानात रोमान्सच्या कपाटात ती लागणार नाही. साहसकथेतही तेच, नायिका कड्यावरून लोंबकळतेय आणि अजून २०० पानं उरलीत म्हटल्यावर ती पडणार नाहीये हे आपल्याला कळतंच की. माझी आजी दर रामनवमीला देवळात कथा ऐकायला जायची, धनुष्य कोण मोडणार हे काय तिला माहीत नव्हतं? पण बुवा दरवर्षी त्या स्वयंवरात किती वेळ लावतात, रावणाची फजिती किती रंगवतात, यासाठी ती पुढची जागा धरून बसायची. इथेही सगळी मजा उशिरात आहे. काय होणार ते सोडा, कसं होणार आणि लेखक किती ताणणार ते बघायचं. हे एकदा जमलं ना की बाकी सगळं सोपं आहे.

म्हणून पहिलं काम पुस्तक निवडायचं नाहीच, आपल्याला कुठला उशीर आवडतो ते शोधायचं. या दुनियेत त्याला ट्रोप म्हणतात, म्हणजे गोष्टीचा ठरलेला साचा, आणि वाचक लोक पुस्तकाच्या नावाआधी ट्रोप विचारतात. एनिमीज टू लव्हर्स म्हणजे आधी भांडाभांडी मग प्रेम, याची सगळ्यांना माहीत असलेली आजी म्हणजे १८१३ सालची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', दोनशे वर्षं झाली तरी तो साचा अजून चालू आहे. फेक डेटिंग म्हणजे काहीतरी कारणाने दोघं जोडपं असल्याचं नाटक करतात आणि नाटक अंगाशी येतं, अली हेझलवूडची २०२१ ची 'द लव्ह हायपोथिसिस' याच्यावरच उभी आहे, पीएचडी करणारी मुलगी आणि सगळे विद्यार्थी ज्याला टरकून असतात असा प्रोफेसर. सेकंड चान्स म्हणजे जुनं तुटलेलं परत जुळतं. स्लो बर्न म्हणजे हाताला हात लागायलाच अर्धं पुस्तक जातं (माझा वीक पॉइंट). आणि एक आहे मॅरेज ऑफ कन्व्हिनियन्स, आधी सोयीसाठी लग्न, मग ओळख, मग प्रेम, हे इंग्रजी वाचक फार अप्रूपाने वाचतात आणि मला दर वेळी वाटतं अरे हे तर आमच्याकडे कांदेपोहे खाऊन दर मे महिन्यात होतं.

साहसाचेही असेच प्रकार पडतात. खजिन्याचा शोध, कुणालातरी सोडवून आणणं, लांबचा प्रवास, चोरांची टोळी जमवून मोठा हात मारणं, आणि हल्ली खूप चाललेलं म्हणजे जीवघेण्या शाळेत ट्रेनिंग. कुठला आपला हे कळायला सोपी युक्ती सांगते. तुम्हाला परत परत बघावेसे वाटलेले तीन सिनेमे किंवा सिरियली आठवा आणि त्यातला नेमका कुठला भाग तुम्ही पुढे ढकलत नाही ते बघा. त्या मुलीने तीन नावं सांगितली, तिन्हीत हिरोहिरॉईन पहिला तासभर नुसते एकमेकांना टोमणे मारतात, आणि मी तिला काय दिलं होतं तर ड्रॅगन! कसं जमणार.

आता पहिलं पुस्तक. तीन नियम, मोडलेत तरी चालतील पण पहिल्या वेळी नको. एक, ३५०-४०० पानांच्या वर जाऊ नका. दोन, स्टँडअलोन घ्या, म्हणजे एका पुस्तकात गोष्ट संपणारं, सिरीज नंतर. तीन, आत्ताच्या काळातलं घ्या, कारण त्यात संवाद जास्त असतात आणि वाक्यं आपण रोज ऐकतो तशी असतात.

रोमान्समध्ये मी नवीन माणसाला आता एमिली हेन्रीची 'बीच रीड' देते, २०२० ची. कारण एक तर ती हसवते, आणि दुसरं म्हणजे त्यात हाच वाद आहे की प्रेमाच्या कादंबऱ्या म्हणजे हलकंफुलकं आणि दुःखाच्या म्हणजे खरं साहित्य. नायिका रोमान्स लिहिते, पण वडील गेल्यावर त्यांच्या आयुष्यातलं एक प्रकरण तिला कळतं आणि तिचा प्रेमावरचा विश्वासच उडतो, शेजारच्या घरात राहणारा लेखक उदास गंभीर कादंबऱ्या लिहिणारा, कॉलेजपासूनची खुन्नस. दोघंही अडकलेत, लिहून होत नाहीये, मग पैज लावतात की तू माझ्यासारखं लिही मी तुझ्यासारखं लिहितो. नाव आणि कव्हर बघून वाटतं समुद्रावर लोळत वाचायचं काहीतरी असेल, आत बापलेकीचं इतकं दुखरं काहीतरी आहे की मी दादरला उतरायचं विसरले एकदा.

साहसात मराठीत सुरुवात करायची असेल तर मुरलीधर खैरनारांची 'शोध', २०१५ ची. १६७० साली शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, परत येताना वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली, इथपर्यंत इतिहास. त्या लुटीतला काही भाग वाटेतच राहिला आणि आज काही लोक तो शोधतायत, ही कादंबरी. मी मूळची नाशिकची, त्यामुळे पक्षपात आहे हे कबूल, पण आपल्याच जिल्ह्यातले डोंगर थ्रिलरमध्ये वाचायला मिळणं यात वेगळीच मजा येते, मी तर शेजारी फोनवर मॅप उघडून बसले होते. जाडी आहे, मी वर सांगितलेला पानांचा नियम मोडते, पण मराठीत असल्याने वेग पकडतो माणूस.

आणि इंग्रजीत साहस हवं असेल तर शॅनन चक्रवर्तींची 'द ॲडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी', २०२३ ची. हिच्यावर मी जरा वेळ थांबणार आहे, कारण असली नायिका मला कधी भेटली नव्हती. बाराव्या शतकातला हिंदी महासागर (आत्ताच्या काळाचा माझा नियम हीही मोडते), एकेकाळी गाजलेली समुद्री चाची बाई आता रिटायर होऊन घरी बसलीय, चाळिशी उलटलेली, गुडघा दुखतो, लहान मुलगी आहे, आई सारखी बोलते, मागे नवऱ्यांची एक लांब यादी. मग एक श्रीमंत म्हातारी येऊन नातीला शोधून आण म्हणते, पैसे एवढे की नाही म्हणता येत नाही, आणि ही बाई जुनी माणसं गोळा करत एडनला, मग पुढे सोकोत्रा बेटाकडे निघते. जादू आहे, राक्षस आहेत, पण मला लक्षात राहिलं ते हे की जहाजावर चढताना तिला परत मोकळं वाटतं आणि त्याच वेळी मुलगी घरी ठेवून आल्याचं टोचतं. सकाळी ७:५२ पकडणाऱ्या कुठल्याही आईला विचारा हे काय असतं ते. शिवाय हा समुद्र आपलाच, चौल आणि सोपाऱ्याला ज्या वाऱ्यावर गलबतं यायची तोच मान्सूनचा वारा या पुस्तकातल्या जहाजांना लागतो, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठे जाता येतं आणि कुठे अडकून पडावं लागतं हा प्रश्न प्लॉटमध्ये खराखुरा आहे.

दोन्ही एकत्र हवं असेल, प्रेम पण आणि जीव धोक्यात पण, तर ज्याला रोमँटसी म्हणतात ते, रोमान्स अधिक फँटसी. यात सध्या सगळ्यात जास्त हातात दिसणारं म्हणजे रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग', २०२३ चं. लायब्रेरियनसारखं आयुष्य जगायची स्वप्नं बघणारी, नाजूक हाडांची मुलगी, आई सेनापती, आईच तिला ड्रॅगनवर बसायला शिकवणाऱ्या कॉलेजात ढकलते जिथे नापास म्हणजे बहुतेक वेळा मेलीच. पळतं पुस्तक आहे, भाषा काही फार उच्च नाही, मला मधला भाग ताणलेला वाटला, पण ड्रॅगन जे टोमणे मारतो त्यासाठी सगळं माफ. मात्र लक्षात ठेवा ही सिरीज आहे, दुसरा भाग २०२३ मध्येच आला, तिसरा जानेवारी २०२५ मध्ये, आणि अजून संपलेली नाही. ज्यांना अर्धवट लटकायला आवडत नाही त्यांनी थांबा.

आता एक महत्त्वाचं आणि जरा लाजत सांगायचं. कव्हरवर जाऊ नका. हल्ली रोमान्सच्या कव्हरवर गोड कार्टूनसारखी चित्रं असतात, गुलाबी पिवळा रंग, बघून वाटतं आठवीतल्या पोरीला द्यावं, आणि आत सगळं मोकळंढाकळं. याला वाचक लोक स्पाइस म्हणतात, मिरची किती. क्लोज्ड डोअर म्हणजे दार बंद झालं की प्रकरण संपलं, ओपन डोअर म्हणजे दार उघडंच. दोन्हीत वाईट काही नाही, पण आपण काय घेतोय हे माहीत असावं, विशेषतः मुलांसाठी घेताना. पुस्तकाचं नाव आणि पुढे स्पाइस लेव्हल असं सर्च केलं की दोन मिनिटांत कळतं. वर सांगितलेल्यांपैकी 'द लव्ह हायपोथिसिस' आणि 'फोर्थ विंग' मध्ये दार उघडं आहे, 'बीच रीड' मध्येही थोडंफार, 'शोध' बिनधास्त सासऱ्यांना द्या.

आणि डार्क रोमान्स म्हणून जो प्रकार आहे, जिथे नायक पाठलाग करतो, पळवून नेतो, धमक्या देतो आणि ते प्रेम म्हणून येतं, तो नवख्याने पहिल्या फटक्यात उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या पानांवर बऱ्याचदा ट्रिगर वॉर्निंग म्हणून यादी दिलेली असते, आत काय काय आहे याची, ती वाचूनच ठरवा. मोठ्या माणसांनी कल्पनेत काय वाचावं हा त्यांचा प्रश्न, मी नाक मुरडत नाहीये, पण सतराव्या वर्षी तेच पहिलं पुस्तक असेल तर गोंधळ होतो.

ऑडिओबुकचा विषय निघालाच आहे तर, नाही निघाला पण सांगते. कानाने ऐकायला ही पुस्तकं फार छान, साहसकथा तर खासच, स्टोरीटेल ॲपवर मराठीतही भरपूर आहेत, पोळ्या लाटताना दीड तास कसा जातो कळत नाही. फक्त इअरफोन कनेक्ट झालाय ना ते तीनदा बघा. मी नाही बघितलं. स्वयंपाकघरात मी, बाहेर सोफ्यावर फोन, शेजारी सासूबाई आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघी, आणि प्रकरण एकोणीस. सासूबाई एवढंच म्हणाल्या, अगं तुझा फोन लागलाय कुणालातरी.

पुस्तकं आणायची कुठून. नवी इंग्रजी पेपरबॅक ४००-६०० रुपयांत ऑनलाइन मिळतात, सेल असला की कमी, पण सुरुवातीलाच विकत घेत सुटू नका. किंडलवर सॅम्पल फुकट येतं, पहिली काही प्रकरणं, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, फोनवर ॲप घाला झालं. दहा सॅम्पल उतरवा, दोन दिवसांत वाचा, जे संपल्यावर चिडचिड झाली की अरे पुढे काय ते विकत घ्या. याच्याइतकी भरवशाची चाचणी दुसरी नाही. वाचनालय जवळ असेल तर नाव घालाच, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, मी शाळेत असताना सुट्टीत रोज एक पुस्तक तिथून आणायचे, आणि अशा जुन्या वाचनालयांत मराठी साहसकथा, रहस्यकथा ढिगाने असतात ज्या दुकानात आता मिळत नाहीत. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, मागा आणि बघा काउंटरवरचे काका कसे खुलतात. नवीन इंग्रजी तिथे कमी असतं, त्याची अपेक्षा नको.

फुटपाथवरच्या स्वस्त कॉपीबद्दल सांगते. जुनं सेकंडहँड पुस्तक आणि नवंकोरं दिसणारं डुप्लिकेट यात फरक आहे. डुप्लिकेट म्हणजे झेरॉक्ससारखी पुसट शाई, कव्हरवरची अक्षरं किंचित धुरकट, कागद पातळ. मी १५० रुपयांत एक घेतलं होतं, पान ३१० नंतर थेट ३४३. आणि नेमकी कुठली पानं गायब? ज्याच्यासाठी तीनशे पानं थांबले होते तीच! लेखकाला पैसे मिळत नाहीत तो मुद्दा आहेच, पण माझ्यासारखी स्वार्थी बाईसुद्धा आता घेत नाही. टेलिग्रामवरच्या पीडीएफचंही तेच.

मराठीत मोबाईलवर वाचायचं तर प्रतिलिपीसारख्या ॲपवर भागाभागात येणाऱ्या प्रेमकथा आहेत, प्रचंड आहेत, आणि त्यात सोनं आणि माती एकाच टोपलीत. शुद्धलेखनाने डोळे दुखतील कधीकधी, पण गावाकडची, तालुक्याच्या कॉलेजातली, बँकेत क्लार्क असलेली नायिका तिथेच भेटते, छापील पुस्तकांत ती फार दिसत नाही हल्ली. एकच काळजी घ्या, कथा पूर्ण झालीय का ते आधी बघा. एका कथेचे मी ८४ भाग वाचले आणि लेखिकेने लिहिणंच थांबवलं. बहुधा तिचं लग्न झालं असेल किंवा नोकरी लागली असेल, जिथे असेल तिथे सुखी राहो, पण त्या दोघांचा साखरपुडा अजून व्हायचाय.

मग प्रत्यक्ष वाचताना. ज्यांचं शिक्षण मराठी मीडियममधून झालं त्यांना इंग्रजी कादंबरीची धास्ती असते, मलाही होती, मी सगळे शब्द डिक्शनरीत बघायचे आणि एका संध्याकाळी चार पानं व्हायची. बंद करा ते. एका पानावर तीनदा आलेला शब्दच बघायचा, बाकी सोडून द्यायचे, कपड्याचं कापड कुठलं होतं हे नाही कळलं तर काही अडत नाही. प्रकरणाच्या वर नाव लिहिलंय का ते मात्र नक्की बघा, बऱ्याच नव्या रोमान्समध्ये एक प्रकरण ती सांगते, एक तो, दोघंही मी मी करून, आणि नाव नाही बघितलं तर दाढी कोण करतंय हेच कळत नाही.

पहिली ५० पानं द्या. त्याच्याआधी सोडू नका, त्याच्यानंतर जबरदस्ती करू नका. सोडलेल्या पुस्तकाबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही, ताटात वाढलेलं टाकायचं नाही हे संस्कार जेवणापुरते ठेवा. कधीकधी पुस्तक चांगलं असतं, आपला मूड नसतो, सहा महिन्यांनी परत उघडलं की चालून जातं.

साहसकथेत सुरुवातीला नकाशा असेल तर त्याच्यावर बोट फिरवून घ्या, वाचताना परत परत या. नकाशा म्हणजे नुसती सजावट नव्हे, 'ट्रेझर आयलंड' तर नकाशातूनच निघाली, १८८१ च्या पावसाळी सुट्टीत स्टीव्हन्सनने सावत्र मुलाबरोबर बसून एका बेटाचं चित्र काढलं आणि त्या चित्रातून गोष्ट सुचत गेली. पात्रांची नावं खूप असतील तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहा, अमुक, तमुकचा भाऊ, डोळा फुटलेला. मी लिहिते. लाज कसली.

झोपेचं एक तंत्र. साहसकथेचं प्रकरण मुद्दाम अशा जागी संपवलेलं असतं की पुढचं उघडावंच लागेल, दार वाजतं, दोर तुटतो, दिवा विझतो. म्हणून प्रकरण संपवून झोपू म्हणणारा माणूस दोन वाजता झोपतो. प्रकरणाच्या मध्ये थांबा, जिथे लोक जेवतायत, चालतायत, काही होत नाहीये तिथे खूण घाला. रोमान्समध्ये उलटी भानगड. साधारण पाऊण पुस्तक झालं की दोघांचं फाटतं, काहीतरी गैरसमज, काहीतरी लपवलेलं बाहेर येतं, एक जण निघून जातो, याला थर्ड ॲक्ट ब्रेकअप म्हणतात आणि जवळजवळ ठरलेलं असतं. त्या जागी पुस्तक मिटून झोपलात तर रात्र खराब, दुसऱ्या दिवशी ऑफिसात उगाच माणसांवर खेकसायला होतं. एक तर त्याच्या आधी थांबा नाहीतर थेट शेवटापर्यंत जा. चांगला लेखक आणि सुमार लेखक इथेच कळतो बरं का, सुमार असला की एका फोन कॉलने मिटलं असतं असलं भांडण असतं, चांगला असला की पहिल्या पानापासून त्या माणसात जी भीती होती तीच इथे वर येते आणि आपण म्हणतो हो, हिने असंच केलं असतं.

थोडं पुढे गेलात की रिजन्सी रोमान्स भेटेल, ड्यूक, व्हायकाउंट, बॉलडान्स, जुन्या लंडनचे ड्रॉइंगरूम. ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेचं पहिलं पुस्तक २००० सालचं, आणि नेटफ्लिक्सवर २०२० च्या डिसेंबरात आल्यापासून ते परत धोधो खपायला लागलं. रिजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, राजा आजारी आणि युवराज कारभार बघतोय तो काळ. नुसतं एवढं समजून घ्या की ड्यूक सगळ्यात वर, मग खालची उतरंड, आणि मोठ्या मुलालाच सगळं मिळतं, बाकी सगळं वाचता वाचता कळतं. मला या पुस्तकांत एक विचित्र खेळ सुचतो, तिकडे १८१७-१८ मध्ये हे लोक नाचत होते तेव्हा आपल्याकडे खडकीची लढाई होऊन पेशवाई बुडत होती. नायकाचा काका हिंदुस्थानात पैसा कमावून आला असं वाक्य सहज येऊन जातं आणि मी पान थांबवून विचार करते, काका, कुठून कमावलात हो? वाचणं सोडत नाही मी त्यासाठी, पण ते काका मला दिसतात.

कुणीतरी म्हणणारच, हे काय वाचतेस, काहीतरी चांगलं वाच. मी वाद घालत नाही, फक्त सांगते की मराठी कादंबरी जेमतेम उभी राहत होती तेव्हा, १८६१ साली, 'मुक्तामाला' आली आणि ती काय होती, तर ताटातूट, संकटं, कटकारस्थानं आणि शेवटी भेट. आपल्या पणज्यांनी मिटक्या मारत वाचलंय हे. त्याच्यावर समोरचा बहुतेक गप्प होतो, कारण त्याने 'मुक्तामाला' वाचलेली नसते.

एक वही मात्र ठेवा, किंवा फोनमध्ये नोट. पुस्तकाचं नाव, ट्रोप, आणि एकच ओळ, कुठे मजा आली. तारे वगैरे देत बसू नका, त्याने काही कळत नाही नंतर. दहा पुस्तकांनी वही उघडून बघितलीत तर तुमची आवड समोर दिसते, मला माझ्या वहीतून कळलं की मला तरुण नायिका फारशा आवडतच नाहीत, तीस-पस्तिशीच्या पुढच्या, आधी काहीतरी फसलेलं असलेल्या आवडतात, आणि तेव्हापासून माझं पुस्तक निवडणं फार सुधारलं.

त्या ऑफिसातल्या मुलीला शेवटी 'बीच रीड' दिलं. आठवडाभर काही बोलली नाही, मी म्हटलं गेलं हेही. परवा रात्री साडेअकराला मेसेज, मॅडम दोघांचं भांडण झालंय, हा काय प्रकार आहे, आता काय होणार? मी विचारलं पान कितवं. म्हणाली २९०. मी लिहिलं, आज झोपू नकोस.